ऑर्हुसमधला पहिला हिवाळा : घरात ‘ह्युगे’ कसे आणावे?

सांजवात

नमस्कार. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघे ऑगस्टमध्ये पुण्याहून डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे राहायला आलो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली, तेव्हापासून शाळेतून मुलांना घेऊन घरी पोहोचेपर्यंत अंधार पडू लागतो. डिसेंबरात सूर्य पावणेनऊनंतर उगवेल आणि पावणेचारच्या सुमारास मावळेल, असे शेजारी सांगतात. आपल्याकडे दिवेलागण झाली की दिवस संपत आला असे वाटते. इथे दिवेलागणीनंतर मुले झोपेपर्यंत चार-पाच तास उरतात आणि ते कसे घालवावेत हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

भाड्याच्या या घरात छताला नुसते आकडे आणि वायरी होत्या. तिथे आम्ही पुण्याच्या सवयीने प्रत्येक खोलीत मधोमध एकेक पांढरा, लख्ख दिवा लावला. मागच्या आठवड्यात मुलगी वर्गमैत्रिणीच्या घरी गेली होती, आणि परत आल्यावर कोट काढता काढता म्हणाली, ‘आई, त्यांच्याकडे सगळे एकाच ठिकाणी बसतात.’ ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. अशा निवांत, उबदार, एकत्र बसण्यालाच इथले लोक ‘ह्युगे’ म्हणतात. दुसऱ्याच दिवशी मी जाड पांघरुणे आणि मेणबत्त्या आणल्या, परंतु दोन संध्याकाळी उलटल्यावर जो तो पुन्हा आपापल्या खोलीत. शिवाय मुलाला थोडा दम्याचा त्रास आहे, त्यामुळे मेणबत्त्या लावताना मन कचरते. डिसेंबरात सासूबाई दोन महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना डॅनिश येत नाही आणि गुडघेदुखीमुळे बर्फात बाहेर पडणे कठीण जाईल. त्यांच्यासह सगळ्यांना घरात ऊब वाटावी यासाठी नेमके काय करावे?

देशांतर

सांजवातताई, मी गेली 15 वर्षे कोपनहेगनमध्ये राहतो. पांघरुणे असू द्या, पण आधी ते छतावरचे पांढरे दिवे काढा. माझ्या मते तुमच्या घरातील निम्मी अडचण तिथेच आहे. संपूर्ण खोली सारखीच उजळलेली असली की कुठेही बसले तरी सारखेच, म्हणून कुणी एकत्र बसत नाही. खोलीत चार-पाच लहान दिवे खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याहूनही खाली ठेवले, की जिथे उजेड आहे तिथे माणसे आपोआप गोळा होतात आणि मधला अंधार खुपत नाही. आपल्या आजोळी माजघरात एकच कंदील असे आणि सगळी भावंडे त्याच्याभोवती दाटीने बसत, ते आठवून पाहा.

जेवणाच्या टेबलावरचा टांगता दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून सुमारे 60 सेंटीमीटर उंचीवर आणा. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे आणि दिव्याचा गोळा मात्र कुणाच्याच डोळ्यांत जाता कामा नये. डॅनिश लोक या बाबतीत फार काटेकोर आहेत आणि त्याचे मोठे श्रेय पौल हेनिंगसेन (1894–1967) यांना जाते. विजेच्या उघड्या दिव्याचा झगझगाट टाळण्यासाठी त्यांनी 1920 च्या दशकात एकाखाली एक झाकणे असलेल्या दिव्यांची रचना केली. 1958 चा त्यांचा ‘पीएच 5’ हा दिवा आजही असंख्य घरांत जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिसतो. तो महाग आहे आणि तुम्हाला तोच हवा असे मुळीच नाही. दिवा घेताना खोक्यावर 2700 केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचे माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) किंवा त्याहून कमी आकडा आहे ना, तेवढे पाहा. तुमचे पांढरे दिवे बहुधा 4000 किंवा 6500 चे असतील.

खिडकीतही एक छोटा दिवा ठेवा आणि पडदे उघडे राहू द्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसतो, आणि समोरच्या घरातला दिवा तुम्हाला. या देशात खिडकीतल्या उजेडाला एक जुनी आठवणही आहे. 4 मे 1945 च्या संध्याकाळी डेन्मार्कमधील जर्मन सैन्याच्या शरणागतीची बातमी बीबीसीवरून आली, तेव्हा लोकांनी युद्धकाळात उजेड बाहेर दिसू नये म्हणून लावलेले काळे पडदे ओढून काढले आणि खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. अजूनही दरवर्षी त्या संध्याकाळी अनेक घरांत त्या लावतात.

केळफूल

देशांतर यांनी उजेडाविषयी लिहिले ते अगदी पटले. मी सहा वर्षे डेन्मार्कमध्ये ओडेन्सेला होते, आता नाशिकला असते. माझ्या अनुभवात मुलांना एकत्र बसवणारी गोष्ट म्हणजे हाताला काम. डॅनिश भाषेत ह्युगे हे नाम आहे तसेच क्रियापदही आहे. लोक ‘आम्ही ह्युगे करतो आहोत’ असे म्हणतात, आणि ते करताना हात बहुधा रिकामे नसतात.

नाताळाच्या आधी कागदाची विणलेली हृदये करतात. दोन रंगांच्या कागदाच्या दुमडलेल्या पट्ट्या एकमेकींत ओवत गेले की शेवटी ती पिशवीसारखी उघडते आणि तिच्यात सुका मेवा किंवा लहान बिस्किटे घालून झाडाला टांगतात. उपलब्ध असलेले सर्वांत जुने असे हृदय हान्स क्रिश्चियन अँडरसन यांनी 1860 मध्ये केलेले आहे. पट्टी एकदा वरून जाते आणि एकदा आतून. पाच वर्षांच्या मुलाला हे चटकन जमत नाही आणि कागद फाटतो, म्हणून त्याच्यासाठी दोनच रुंद पट्ट्यांपासून सुरुवात करा. सासूबाईंनी हयातभर चटई, गोधडी, क्रोशा असे काही केले असेल तर त्यांना ही वीण पाहताक्षणीच कळेल. भाषा येत नसली तरी त्या मुलीच्या मैत्रिणींनाही शिकवू शकतील.

1 डिसेंबरला ‘कालेंडरल्युस’ आणा. 1 ते 24 आकडे लिहिलेली ही मेणबत्ती रोज एका आकड्याइतकीच जाळायची असते. आमच्याकडे ती रोज संध्याकाळच्या जेवणाला लावत असू आणि आकडा संपताच विझवण्याचा मान मुलांना पाळीपाळीने मिळत असे. तेवढा वेळ कुणी टेबलावरून उठत नसे. त्यासाठी मला कधीही ओरडावे लागले नाही.

आणि ‘रिसालामांग’ अवश्य करा. दुधात शिजवलेला भात गार करून त्यात फेटलेली साय, व्हॅनिला आणि बदामाचे तुकडे घालतात आणि वर चेरीचा गरम रस ओततात. त्यात एकच अख्खा सोललेला बदाम लपवलेला असतो. ज्याला तो सापडेल त्याने गालात दडवून ठेवायचा आणि सगळ्यांचे खाऊन झाल्यावर दाखवायचा. त्याला भेट मिळते, पुष्कळदा मार्झिपानचे (बदाम-साखरेच्या मिठाईचे) डुक्कर. आपल्या तांदळाच्या खिरीची ही थंड बहीणच म्हणायची, म्हणून सासूबाईंनाही परकी वाटणार नाही. मी नाशिकला आंबेमोहोर तांदळाची करते, चिकटपणा उत्तम येतो.

एक मात्र आवर्जून सांगते. सगळे बाहेर पांघरुणात आणि तुम्ही एकट्या ओट्यापाशी, असे होऊ देऊ नका. मी पहिले वर्ष तसेच काढले आणि पाहुणे गेल्यावर रडले. तिकडे सोलणे, चिरणे, भांडी पुसणे यांत सगळे हात लावतात, आणि कुणी एकटा राबत असेल तर त्या संध्याकाळीला ते ह्युगे म्हणत नाहीत.

हवापाणी

मी इमारतींच्या वायुवीजनाचे काम करतो, म्हणून मेणबत्त्यांविषयी लिहितो. जळणाऱ्या मेणबत्तीतून अतिसूक्ष्म कण हवेत जातात आणि हिवाळ्यात बंद घरात ते साठतात. मुलाला दमा असेल तर त्याच्या डॉक्टरांना आधी विचारा. लावायचीच असेल तर एका वेळी एकच लावा, वात साधारण एक सेंटीमीटरची कातरून ठेवा, वाऱ्याच्या झोतात ठेवू नका आणि सुगंधी मेणबत्त्या टाळा. ज्योत फडफडली की काजळी वाढते. आपल्या आज्या निरांजनाची वात सारखी करत, ते याच कारणाने योग्य होते. विझवल्यावर निघणारा धूर मुलाच्या दिशेने जाऊ नये म्हणून ज्योतीवर धातूची टोपी ठेवून ती विझवा.

दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडा. भिंती तेवढ्यात गार होत नाहीत आणि घर पुन्हा लवकर तापते. आपल्या फोडण्यांमुळे तर हे अधिकच गरजेचे आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर मेणबत्ती ठेवून दाराशी पाहुण्यांना निरोप द्यायला गेलो आणि तेवढ्यात पडद्याची कड पेटली. धुराचा अलार्म वाजला म्हणून निभावले. खिडकीत विजेचाच दिवा ठेवा.

उंबरठा

एक लहानशी भर. शुक्रवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवा. डॅनिश दूरचित्रवाणीवर शुक्रवारी ‘डिझ्नी शाउ’ हा कार्यक्रम 1991 पासून लागतो आणि तो पाहताना मुलांना आठवड्याचा खाऊ मिळतो. सोमवारी शाळेत त्यावर बोलणे होते, त्यामुळे तुमच्या मुलांची भाषाही सुधारेल. आणि मुलीच्या त्या मैत्रिणीच्या कुटुंबाला तुम्हीच आधी बोलवा. इथली माणसे आपल्या वर्तुळात सुखी असतात, आपण दार उघडेपर्यंत वाट पाहतात. बोलावले की मनापासून येतात.

सांजवात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज 3 डिसेंबर. छतावरचे तीनही पांढरे दिवे उतरवले आहेत. टेबलावरचा दिवा नवऱ्याने पट्टी घेऊन मोजून 60 सेंटीमीटरवर बांधला. डॉक्टरांनी एक मेणबत्ती थोडा वेळ चालेल असे सांगितले, म्हणून फक्त कालेंडरल्युस लावतो आणि जेवणानंतर खिडक्या उघडतो. काल सासूबाई आल्या. प्रवासाने थकल्या होत्या, तरी मेणबत्ती लावल्याबरोबर त्यांनी हात जोडले आणि ‘शुभं करोति’ सुरू केले. मुलगी त्यांच्यासोबत म्हणू लागली, मुलाला फक्त शेवटची ओळ येते, ती त्याने मोठ्याने म्हटली. मग दोनचा आकडा संपेपर्यंत तो हनुवटी टेबलावर टेकवून ज्योतीकडे पाहत बसला. आज विझवण्याची पाळी त्याची आहे, हे तो सकाळपासून तीनदा सांगून गेला.

शनिवारी मैत्रिणीचे कुटुंब येणार आहे. केळफूलताई, चौदा जणांसाठी तांदूळ किती घ्यावा?

केळफूल

पाऊण किलो पुरे, दूध साडेचार लिटर. बदाम मात्र एकच.