थर वेगळे करूनही प्रत्येक बदलासाठी सगळ्या थरांत हात घालावा लागतो. आमची मांडणी कुठे चुकली असावी?

प्रश्न

ऑर्डर नोंदवणे, बदलणे आणि रद्द करणे ही कामे करणारे एक वेब अ‍ॅप्लिकेशन आमचा चमू सांभाळतो. सुरुवातीला सगळा कोड कंट्रोलरमध्येच, म्हणजे ब्राउझरकडून आलेली विनंती स्वीकारणाऱ्या भागातच होता. नंतर आम्ही तो कंट्रोलर, सर्व्हिस (कामकाजाचे नियम) आणि रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा भाग) अशा तीन थरांत विभागला. कागदावर मांडणी नीटनेटकी दिसते, पण सर्व्हिस थरातल्या बहुतेक मेथड एका ओळीच्या आहेत आणि त्या आलेली हाक तशीच रिपॉझिटरीकडे ढकलतात. शिवाय एखादे नवे फील्ड वाढवायचे म्हटले की सात फाइली उघडाव्या लागतात.

खरी अडचण मागच्या महिन्यात लक्षात आली. ऑर्डर नोंदवल्यापासून 24 तासांच्या आत ती रद्द करता येते, हा नियम बदलून 48 तासांचा करायचा होता. टेम्प्लेटमध्ये (पान दाखवणाऱ्या भागात) आणि कंट्रोलरमध्ये आम्ही बदल केला, मात्र रात्री ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉन जॉबच्या एसक्यूएल क्वेरीतही (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेतही) तेच 24 लिहिलेले आहेत, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. परिणाम असा झाला की तिसाव्या तासाला ग्राहकाला ‘रद्द करा’ हे बटण दिसत होते, पण जॉबने ती ऑर्डर आधीच बंद केलेली असल्यामुळे बटण दाबल्यावर त्रुटी येत होती. थर असूनही एकच नियम तीन ठिकाणी कसा पसरतो आणि तो नेमका कोणत्या थरात असायला हवा?

पहिले उत्तर

तुम्ही फोल्डर वेगळे केले आहेत, जबाबदाऱ्या नव्हेत. थर वेगळा झाला की नाही, हे त्याच्या नावावरून कळत नाही. तो कोणावर अवलंबून आहे, यावरून कळते. रद्द करण्याचा नियम डेटाबेस सुरू न करता आणि एचटीटीपी विनंती तयार न करता साध्या युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकच तुकडा तपासणाऱ्या चाचणीत) चालवून पाहता येतो का, हे आधी तपासा. येत नसेल, तर तो नियम अजून कंट्रोलरच्या किंवा डेटाबेसच्या ताब्यात आहे, असे समजावे. सर्व्हिसच्या मेथडला फ्रेमवर्कचा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट जसाच्या तसा दिला जात असेल, तर तेही त्याच दुखण्याचे लक्षण आहे.

हा नियम ऑर्डरच्या स्वतःच्या क्लासमध्ये ठेवा आणि ‘आत्ताची वेळ’ त्याला बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये घड्याळाची वाट पाहावी लागणार नाही. टेम्प्लेटने आणि कंट्रोलरने फक्त त्यालाच विचारावे. क्रॉन जॉबची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, कारण लाखो ओळी मेमरीत आणून प्रत्येकीला हा प्रश्न विचारणे परवडणारे नसते. अशा वेळी ऑर्डर नोंदवतानाच ‘रद्द करण्याची अंतिम मुदत’ काढून ती वेगळ्या कॉलममध्ये साठवावी, म्हणजे क्वेरीला किती तास हे माहीत असण्याचे कारणच उरत नाही. ती फक्त दोन वेळांची तुलना करते. असे केल्यावर आणखी एक प्रश्न उघडा पडतो: नियम बदलण्यापूर्वी नोंदवलेल्या ऑर्डरींना 24 तास लागू की 48? याचे उत्तर प्रोग्रामरने परस्पर देऊ नये, आणि मुदत कॉलममध्ये असली की ते परस्पर दिलेही जात नाही.

दुसरे उत्तर

नियमाच्या जागेबद्दल वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एका ओळीच्या सर्व्हिस मेथडींबद्दल कोणीच बोललेले नाही. त्या सरळ काढून टाका. ज्या वाटेने माहिती बदलते, त्या वाटेवर शिस्त कडक हवी. केवळ यादी दाखवायची असेल, तर कंट्रोलरने थेट एखाद्या क्वेरी क्लासकडून हव्या तेवढ्याच कॉलमांची माहिती आणली, तरी काही बिघडत नाही. उलट शुद्धतेच्या हट्टापायी ओआरएमचे (डेटाबेसच्या ओळींचे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या लायब्ररीचे) अख्खे ऑब्जेक्ट टेम्प्लेटपर्यंत नेले, की 50 ऑर्डरींच्या यादीसाठी एक क्वेरी यादीची आणि प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी एक, अशा 51 क्वेरी गुपचूप धावतात. त्यांतल्या 50 टेम्प्लेटच्या लूपमधून निघत असल्यामुळे कोड वाचताना त्या दिसतही नाहीत.

डेव्हिड पार्नास यांनी 1972 सालच्या आपल्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता: प्रोग्रामचे भाग प्रक्रियेच्या पायऱ्यांनुसार पाडू नयेत, तर पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका भागाच्या आत लपवावा. तुमचे तीन थर पायऱ्यांनुसार पाडलेले आहेत, म्हणून एक निर्णय बदलला की तिन्ही हलतात.

याच चर्चेत एव्हाना कोणीतरी ‘मग प्रत्येक थर वेगळ्या सर्व्हरवर न्या’ असे सुचवण्याच्या बेतात असेल, म्हणून आधीच सांगतो. कोडमधला थर आणि सर्व्हरची विभागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच प्रोसेसमधली फंक्शनची हाक नेटवर्कवरच्या हाकेपेक्षा हजारो पटींनी जलद असते, आणि नेटवर्कवरची हाक अर्धवट अपयशीही ठरू शकते. ज्या सीमा एका प्रोसेसमध्ये धड पाळल्या गेल्या नाहीत, त्या नेटवर्कवर नेल्याने सुधारत नाहीत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. मुदतीच्या कॉलमची कल्पना पटली. एक शंका उरते: ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणारे किंवा एकत्रच रद्द होणारे डेटाबेसमधले बदल) कोणत्या थरात सुरू करावे? सध्या प्रत्येक रिपॉझिटरी आपापले ट्रान्झॅक्शन उघडते आणि रद्द झाल्याचा ईमेल सर्व्हिसमधून जातो.

तिसरे उत्तर

ट्रान्झॅक्शनची सीमा वापरकर्त्याच्या एका कामाइतकी असावी, म्हणून ती सर्व्हिस थरात हवी. ऑर्डर रद्द करणे आणि साठा परत वाढवणे ही दोन वेगळ्या रिपॉझिटरींची कामे आहेत, पण ती एकत्रच यशस्वी किंवा एकत्रच अयशस्वी व्हायला हवीत. रिपॉझिटरीने स्वतः कमिट केले, म्हणजे आपला बदल पक्का केला, तर मध्येच बिघाड झाल्यावर ऑर्डर रद्द झालेली आणि साठा मात्र जुनाच, अशी स्थिती उरते.

ईमेलच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. ईमेल ट्रान्झॅक्शनच्या आतून पाठवला, त्यानंतर कमिट फसले, आणि न झालेल्या गोष्टीची खबर ग्राहकांपर्यंत पोहोचली. तेव्हापासून मी ‘पाठवायचा संदेश’ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात ओळ म्हणून लिहितो आणि वेगळा जॉब ती ओळ वाचून ईमेल पाठवतो. संदेश पाठवल्यानंतर पण तशी नोंद होण्याआधी जॉब कोसळला, तर तोच संदेश दुसऱ्यांदा जाऊ शकतो, एवढे मात्र गृहीत धरावे लागते. ईमेल दोनदा गेला तर निभावते. पण पैसे परत करण्याची हाक याच वाटेने जात असेल, तर प्रत्येक संदेशाला कायमचा क्रमांक द्या आणि घेणाऱ्या बाजूने तो तपासलाच पाहिजे, असे ठरवा.

शेवटी, अवलंबित्वाची दिशा माणसांच्या लक्षात राहील या भरवशावर सोडू नका. जावासाठी आर्कयुनिट, पायथनसाठी इम्पोर्ट-लिंटर आणि पीएचपीसाठी डेपट्रॅक अशी साधने आहेत. नियमांच्या थरातून कोणी डेटाबेसची लायब्ररी इम्पोर्ट केली, तर बिल्ड तिथेच थांबते. जुन्या कोडमध्ये पहिल्या दिवशी चुकांची लांबलचक यादी येईल. ती अपवाद म्हणून नोंदवून ठेवा आणि तूर्त एवढेच पाहा की तिच्यात नवी ओळ वाढणार नाही.