विरोधी नेत्याचं वर्षअखेरचं निवेदन हातात आलंय. त्यांना नेमकं काय विचारावं?

वाळवंटीकाठची (डिचोली तालुका) · 28 डिसेंबर 2025

नमस्कार मंडळी. आमच्या मतदारसंघातल्या विरोधी पक्षाच्या नेत्यांनी वर्षअखेरचं निवेदन काढलंय. 2022 ला ते पडले, 2027 ला पुन्हा उभे राहणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुळगुळीत कागद, सोळा पानं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता आमच्या दूध संस्थेत गठ्ठा ठेवून गेला. मी तिथे हिशेबाला बसते. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बायकांनी वाचायला सांगितलं, म्हणून अर्धंअधिक मोठ्याने वाचून काढलं.

पहिली नऊ पानं देशाची. मतदारयाद्या, निवडणूक आयोग, रोजगार हमीचा कायदा बदलला ते, महागाई, संविधान. मग म्हादई नदीच्या पाण्याचा वाद दोन पानं, जमीन रूपांतर दोन पानं, हडफड्याच्या नाइटक्लबची आग एक पान. मग पणजीत आझाद मैदानावर धरणं धरल्याचे फोटो. आमच्या गावांबद्दल शेवटच्या पानावर पाच ओळी: एका वाड्यावर पाण्याचा टँकर पाठवला, जत्रेला मदत केली, दहावीच्या मुलांचा सत्कार केला.

मी त्यांच्या विरोधात नाही. मागच्या खेपेला मत त्यांनाच दिलं होतं आणि विरोधी पक्ष टिकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. 2022 मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देवीपुढे, खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. त्यांचे अकरा निवडून आले आणि 14 सप्टेंबरला त्यांतले आठ भाजपात गेले. त्याआधी 2019 च्या जुलैत पंधरातले दहा गेले होते. एवढं होऊनही जो माणूस हरल्यावर तीन वर्षं त्याच पक्षात राहून काम करतोय, त्याची मला किंमत आहे.

पण दुधाची बरणी ठेवताना एक आजी म्हणाल्या, "बाय, हे सगळं खरं असेल, पण ह्यात माझं काय आहे?" मी नऊ पानं पुन्हा चाळली. त्यांना दाखवण्यासारखी एक ओळ सापडेना.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते आमच्या वाड्यावर बैठक घेणार आहेत. मला चार माणसांसमोर त्यांना धारेवर धरायचं नाही. नीट प्रश्न विचारायचेत, ज्यांची उत्तरं सत्तेत नसलेला माणूसही देऊ शकेल. "रस्ता का झाला नाही" हे त्यांना विचारून उपयोग नाही, ते माझ्या लक्षात येतं. मग काय विचारू? पंचायतीत, पक्षात काम केलेल्यांनी सांगा.

माजी पंच, सत्तरी · 28 डिसेंबर, रात्री

बाय, प्रश्न योग्य जागी विचारलास. मी दोन खेपा पंच, म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य होतो, त्यातली एक पूर्णपणे विरोधात काढली. सत्ता नसताना हातात काय उरतं ते सांगतो.

विरोधकाच्या हातात खरं हत्यार एकच, ते म्हणजे सरकारला कागदावर उत्तर द्यायला लावणं. विधानसभेत तारांकित प्रश्न असतो, त्यावर मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं आणि उपप्रश्न घ्यावे लागतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं. त्याची बातमी होत नाही, पण कामाला तेच जास्त येतं. त्यात सर्वे नंबर, रक्कम, तारीख येते, आणि ते सभागृहात ठेवलेलं असल्यामुळे खात्याला नंतर फिरवता येत नाही. ही उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर सापडतात.

आता तू म्हणशील, आमचे नेते आमदारच नाहीत. बरोबर. पण चाळीसच्या सभागृहात विरोधी बाकांवर आज सात जण आहेत: काँग्रेसचे तीन, आपचे दोन, गोवा फॉरवर्ड आणि आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स) यांचा एकेक. सात माणसांनी चाळीस मतदारसंघांचे प्रश्न शोधायचे कुठून? ते बाहेरूनच यायला हवेत. हरलेल्या उमेदवाराचं पहिलं काम हेच की, गावातला प्रश्न नीट लिहून त्या सातांपैकी एकाकडे पोचवायचा आणि आलेलं उत्तर गावात परत आणायचं. म्हणून त्यांना पहिलं हे विचार: "या वर्षात आमच्या मतदारसंघाबद्दल किती प्रश्न तुम्ही सभागृहात विचारायला लावले? उत्तरं दाखवा." एक जरी उत्तर निवेदनात छापलं असतं तरी त्या आजींना दाखवायला पान मिळालं असतं.

तुमच्या भागासाठी मी पहिला प्रश्न डीएमएफचा, म्हणजे जिल्हा खनिज निधीचा घेतला असता. 2015 च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला. लिलावात गेलेल्या खाणीला रॉयल्टीच्या 10 टक्के एवढी रक्कम त्यात भरावी लागते, त्याआधीच्या लीजांना 30 टक्के. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या गावांसाठीच असतो. डिचोलीचा खाण ब्लॉक 2022 च्या डिसेंबरात लिलावात गेला आणि 2024 मध्ये पुन्हा खणायला सुरुवात झाली. तेव्हापासून उत्तर गोव्याच्या निधीत किती जमा झाले, तुमच्या पंचायतीत कोणत्या कामाला किती गेले, हा साधा अतारांकित प्रश्न. आमदार मिळाला नाही तर माहिती हक्कात दहा रुपयांचा अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याला निवडून येण्याची गरज नाही.

म्हादईची त्यांची दोन पानं मी वाचलेली नाहीत, पण सगळ्याच पक्षांच्या पत्रकांत तेच ते येतं: "म्हादई आमची माय." ती माय आहेच. पण 14 ऑगस्ट 2018 च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 दिले गेले, 27 फेब्रुवारी 2020 ला तो निवाडा अधिसूचित झाला, 2022 च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने म्हादईचं पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला मान्यता दिली, आणि 2023 च्या जानेवारीत आपल्या विधानसभेने सभागृह समिती नेमली. विरोधकाने विचारायचं ते या समितीचं. बैठका किती झाल्या, कर्नाटकात कणकुंबीला, कळसाचं काम आहे तिथे, प्रत्यक्ष पाहणी कधी केली, अहवाल कुठे आहे? आपल्या वाट्याच्या 24 टीएमसीपैकी किती पाणी वापरण्याची योजना आजवर कागदावर आली? हा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो आणि तो फार कमी जण विचारतात. कोर्टात आपण म्हणतो पाणी आमचं, आणि इथे बंधाऱ्यांत गाळ साचलेला.

बूथ नंबर विचारा (म्हापसा) · 29 डिसेंबर

माजी पंचकाकांचं पटलं. मी मतदारयादीबद्दल लिहिते, कारण त्या नऊ पानांत ते असणारच.

मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या (एसआयआर) दुसऱ्या टप्प्यात गोवाही आहे. 16 डिसेंबरला कच्ची यादी लागली. आता दावे-हरकतींचा काळ चालू आहे. नाव नसेल तर फॉर्म 6, चूक असेल तर फॉर्म 8, कुणी तुमच्या नावावर हरकत घेतली तर तो फॉर्म 7. हे सगळं बीएलओकडे, म्हणजे निवडणूक आयोगाने बूथवर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. पण प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला दर बूथवर स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो, त्याला बीएलए म्हणतात. त्याने यादी घेऊन घरोघरी जायचं, मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची, चुकून वगळलेल्यांची नावं बघायची.

ताई, बैठकीत त्यांना एवढंच विचारा: आमच्या बूथवर तुमचा बीएलए कोण? फोन नंबर द्या. देशभर मतं चोरली जातात यावर चार पानं लिहिणाऱ्या पक्षाचा आमच्या बूथवर माणूसच नसेल, तर त्या चार पानांचं आम्ही काय करावं? आमच्या वाड्यावर भाड्याच्या घरातून दुसरीकडे राहायला गेलेल्या तीन कुटुंबांची नावं गळली होती. शेजारच्या बायकांनी कच्ची यादी मोबाइलवर मोठी करून ओळीने वाचली, तेव्हा कळलं. पक्षाचा कुणी फिरकला नव्हता, एकाही पक्षाचा नाही. याचा मला खरोखर राग आहे.

कुळागर आणि कागद (फोंडा) · 29 डिसेंबर

रोजगाराच्या कायद्याबद्दल थोडं. कायद्यातून गांधीजींचं नाव गेलं याचं दुःख मलाही आहे, पण निवेदनात फक्त नावाचा निषेध असेल तर मुद्दा हातातून गेला. जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र देत होतं. नव्या कायद्यात शंभराचे 125 दिवस झाले, पण खर्चाची वाटणी 60 आणि 40. म्हणजे गोव्याच्या तिजोरीतून रुपयाला चाळीस पैसे. शिवाय केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेच्या वर गेलं तर ते सगळं राज्याचं. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवता येईल.

हा देशाचा विषय आहे की गावचा? माझ्या मते तो थेट येत्या अर्थसंकल्पाचा आहे. गोवा सरकार आपल्या 40 टक्क्यांची तरतूद करणार का, हे आत्ताच लेखी विचारायला हवं. आमच्याकडे व्हाळ (ओढे) साफ करणं, पाटाची डागडुजी, अशी कामं यातून व्हायची. पाट बुजला की कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला पाणी नाही. पोफळीचा शेंडा पिवळा पडायला लागला की उशीर झालेला असतो. त्या आजींना यात त्यांचं काय ते सांगता येईल.

जमीन रूपांतराचंही तसंच. नगरनियोजन कायद्यात जमिनीचा झोन बदलू देणारी दोन कलमं आहेत, 17(2) आणि 39अ. 17(2) चे नियम हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये रद्द केले, त्याबद्दल सगळे टाळ्या वाजवतात. पण 39अ चालूच आहे. त्याची नोटीस राजपत्रात येते आणि हरकतीला 30 दिवस मिळतात. राजपत्र गावात कोण वाचतं? विरोधी नेत्याने दर गुरुवारी राजपत्र उघडून आपल्या तालुक्यातले सर्वे नंबर मराठीत लिहून पंचायतीच्या फलकावर लावले, तर मी त्याला सोळा पानांपेक्षा मोठं काम म्हणेन.

कार्यकर्ता, उत्तर गोवा · 29 डिसेंबर, रात्री

मी त्याच पक्षात काम करतो, पण तुमच्या मतदारसंघात नाही. देशाचा मजकूर वरून तयार येतो, त्याला आम्ही हात लावत नाही. स्थानिक पान ब्लॉकने, म्हणजे पक्षाच्या स्थानिक समितीने लिहायचं असतं आणि डिसेंबरात ब्लॉकची माणसं जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत अडकली होती. पण एक बाजू मांडतो. गोव्याचे लोकसभेत दोन खासदार आणि राज्यसभेत एक. म्हादई, रेल्वेचं दुपदरीकरण, वनक्षेत्राच्या परवानग्या, किनारपट्टीचे नियम, सगळं दिल्लीत ठरतं. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली, ती लढाई गावातून सुरू झाली पण सुटली दिल्लीत. त्यामुळे देशाची पानं कमी करा असं मी म्हणणार नाही. त्यांच्याखाली गावाची ओळ यायला हवी, हे मान्य. बीएलएची यादी ब्लॉक अध्यक्षाकडे लेखी मागा, ती देणं आमचं काम आहे.

वाळवंटीकाठची · 30 डिसेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दूध संस्थेत तुमची उत्तरं वाचून दाखवली. डीएमएफचं ऐकल्यावर बायकांचा आवाज चढला. ट्रक सुरू झाल्यापासून अंगणातल्या तुळशीवर लाल थर बसतो, पानावरून बोट फिरवलं की ओरखडा उठतो, आणि याच धुळीसाठी वेगळा पैसा जमा होतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सरकारनेही नाही आणि विरोधकांनीही नाही.

आम्ही ठरवलंय ते असं. बैठकीत तीनच गोष्टी मागायच्या: आमच्या बूथच्या बीएलएचं नाव, डीएमएफवरचा प्रश्न सातांपैकी कोणत्या आमदाराकडून आणि कोणत्या अधिवेशनात विचारणार ते, आणि रोजगाराच्या तरतुदीबद्दल लेखी भूमिका. हडफड्याच्या आगीबद्दल एक बाई बोलणार आहे. तिचा मुलगा किनाऱ्यावरच्या हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला आहे आणि त्या रात्री गेलेल्या 25 जणांत बहुतेक तसलेच कामगार होते. निवेदनातल्या त्या पानावर परवान्यांचं लिहिलंय, कामगारांचं नाही. ते तिने तिच्या शब्दांत सांगितलेलं बरं.

माजी पंचकाका, एक विचारायचं राहिलं. जानेवारीच्या ग्रामसभेत डीएमएफचा ठराव घेता येईल का, की त्यासाठी आधी सचिवाकडे लेखी द्यावं लागतं?

माजी पंच, सत्तरी · 30 डिसेंबर

घेता येतो. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चार साधारण ग्रामसभा कायद्यानेच ठरलेल्या आहेत, त्यामुळे जानेवारीची टाळता येणार नाही. विषय आधीच लेखी दे, दोन प्रती कर, एकीवर सचिवाची सही, शिक्का आणि आवक नंबर घे. नुसतं तोंडी सांगितलंस तर "आयत्या वेळचे विषय" यात शेवटी येईल आणि तोवर माणसं उठून जातात. ठराव एका वाक्याचा ठेव: निधीतून आमच्या पंचायत क्षेत्रात झालेल्या खर्चाचा तपशील पुढच्या ग्रामसभेत मांडावा. सूचक आणि अनुमोदक दोघी दूध संस्थेतल्याच ठेवा, आणि इतिवृत्तात ठराव तसाच उतरलाय का ते सही होण्याआधी वाचून घ्या. तुमच्या नेत्यांनाही त्या दिवशी बोलव. ते त्याच पंचायतीतले मतदार असतील तर त्यांना सभेत बोलण्याचा हक्क आहे, नसतील तर मागे बसून ऐकू देत.