'सेल्फ-केअर'ला आपल्याकडे काय म्हणायचं?

विचारणा (टिळकवाडी, बेळगाव)

आमच्या कॉलेजात मुलींचा एक गट आहे. छेडछाडीची तक्रार अंतर्गत समितीपर्यंत नेणं, मुलींच्या शौचालयाला चारनंतर कुलूप का लागतं ते ऑफिसात जाऊन विचारणं, अधूनमधून पथनाट्य, असं चालतं. येत्या शनिवारी 'सेल्फ-केअर'वर बैठक आहे आणि पोस्टर माझ्या गळ्यात पडलंय. वर कन्नड, खाली मराठी. कन्नड मैत्रिणीनं पाच मिनिटांत 'स्व-आरैके' लिहून दिलं आणि चहाला गेली. मी दोन दिवस अडलेय. 'स्व-काळजी' लिहिलं तर पोरीला स्वतःचाच घोर लागलाय असं वाटतं. 'आत्मनिगा' म्हटलं की गाडीची सर्व्हिसिंग डोळ्यांपुढे येते. सुचवा.

शहापूरहून

दोष शब्दाचा नाही, क्रियापदाचा आहे. काळजी 'करणे' म्हणजे चिंता आणि काळजी 'घेणे' म्हणजे जपणूक. नुसतं नाम उघडं ठेवलं की मराठी कान आधी चिंताच ऐकतो. गंमत म्हणजे हाच शब्द कन्नडातही आहे. पुराच्या दिवसांत सरकार शाळांमधून निवारा उघडतं, त्याला कन्नडमध्ये 'काळजी केंद्र' म्हणतात. मी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, लोकांनी इथं येऊन बसायचं आणि काळजी करायची! मग लक्षात आलं की पाटी लिहिणाऱ्याच्या मनात 'घेणे' होतं.

बाकी 'काळजी घ्या' हे कोरोनापासून इतकं झिजलंय की आता त्याचा अर्थ 'बरंय, फोन ठेवतो' एवढाच उरला.

वडगावहून

'लाड'. स्वतःचे लाड. विषय संपला.

पुन्हा शहापूरहून

संपला कसा? लाड म्हटलं की घरचे म्हणणार, कॉलेजात हेच शिकवतात काय.

खानापूरहून, निवृत्त शिक्षिका

मूळ शब्दाकडेही जरा बघा. डॉक्टरी भाषेत सेल्फ-केअर म्हणजे रोग्यानं स्वतः घ्यायची निगा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीनं वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवले, तेव्हा तब्येत हासुद्धा हक्काचा मामला झाला. पुढे १९८८ साली ऑड्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय कवयित्रीनं कर्करोगाशी झगडताना मांडलं की स्वतःला जपणं ही चैन नव्हे, ती टिकून राहण्याची राजकीय लढाई आहे. साबण आणि सुगंधी मेणबत्त्या विकणाऱ्यांनी शब्द उचलला तो नंतर. तेव्हा 'लाड' नको, त्यात लढाई नाही.

आता आपल्याकडचं. बाईनं विसावा घ्यावा याला आपल्या भाषेत परवानगी आहे, पण ती ठरलेल्या वेळी. 'बाळंतपण': सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. 'माहेरपण': चार दिवस उशिरा उठलं तरी चालतं. कन्नडात 'आरैके' हा शब्दही बाळंतिणीच्या बाबतीत हमखास येतो. आणि 'कावळा शिवला' की तीन दिवस बाजूला, त्याला विश्रांती म्हणायचं की शिक्षा हे ज्याचं त्यानं ठरवावं. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे: ते दुसऱ्यानं द्यायचं असतं. बाईनं स्वतःहून घेतलं तर त्याला शब्द आहेत, पण ते पोस्टरवर लिहिण्यासारखे नाहीत.

मला 'माहेरपण' आवडतं. 'स्वतःचं माहेरपण'.

विचारणारी

बाई, सुंदर आहे, पण आमच्या गटात एकीचंही लग्न झालेलं नाही. माहेर कळायला आधी सासर लागतं! शिवाय दोघी-तिघी अशा आहेत की घर हीच त्यांची धास्ती आहे.

निपाणीहून

मला दुसरंच दिसतंय. चळवळीचे आपले वाक्प्रचार मोजा. वाहून घेणे, झोकून देणे, तहानभूक विसरणे, पायाला भिंगरी लावणे, घरावर तुळशीपत्र ठेवणे. एकात तरी कार्यकर्ता जेवतो का? माझे आजोबा सीमालढ्यातले. १९५६ नंतर आमच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं गेलं असं सगळे अभिमानानं सांगतात. ठेवलं खरं, पण त्या घरात आजी होती. सकाळी तंबाखूच्या वखारीत, संध्याकाळी चुलीपुढे. तुळशीपत्राखाली भाकरी भाजत होती ती. तिला कुणी कार्यकर्ती म्हटलं नाही.

पुरुषाला तहानभूक विसरायला चळवळीत जावं लागतं. मुलीला ते घरीच शिकवलेलं असतं, मग चळवळ त्यावर दुसरा थर चढवते. म्हणून मला वाटतं, शब्द शोधायचा तर उलट्या बाजूनं शोधा. 'काय करा' याला शब्द नसेल, 'काय करू नका' याला नक्की आहे.

विचारणारी

हे वाचलं आणि गेल्या मंगळवारची आठवण झाली. एका मुलीची तक्रार लिहायची होती. आमच्यातली एक खानापूरकडच्या खेड्यातून पहाटेच्या बसनं येते. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बसप्रवास फुकट झाला म्हणून तर तिचं कॉलेज टिकलं. ती रात्रभर जागून अर्ज घेऊन आली होती. तारखा, वेळा, साक्षीदार, सगळं नीट. वहीत खूण म्हणून बसचं शून्य रुपयांचं तिकीट. कागद देताना तिचा हात लागला तर तव्यासारखा तापलेला. दुपारचे तीन वाजलेले आणि डबा तसाच, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. म्हटलं, दवाखान्यात चल. तर म्हणते, "राहू दे गं, काढीन की अंगावर."

निपाणीहून

हाच तो शब्द!

शहापूरहून

खरंच. 'दुखणं अंगावर काढणे'. औषध नाही, विश्रांती नाही, कुणाला सांगणं नाही, जणू काही झालंच नाही असं वावरायचं. बाप्येही काढतात, पण बाईनं काढलं की त्याला 'सोशिक' असं प्रशस्तिपत्र मिळतं. 'मनाला लावून घेणे' जवळचं वाटेल, पण ते वेगळं: तिथं निदान दुखलं हे कबूल असतं.

खानापूरहून

माझं माहेरपण मागे घेते. 'काढणे' या क्रियापदाचीही मजा बघा. दिवस काढतात, कर्ज काढतात, वाट काढतात. तिन्ही इथं लागू आहेत.

वडगावहून

मी अजून लाडावर ठाम आहे. दुखणं असेल तरच स्वतःकडे बघायचं का? बरं असताना कधी?

विचारणारी

मुद्दा बरोबर आहे. बैठकीत हाच प्रश्न पहिला घेते, उत्तर माझ्याकडे नाही. पोस्टर मात्र झालं. वर 'स्व-आरैके', खाली मोठ्या अक्षरांत 'अंगावर काढू नको'. बैठक पाचची होती ती साडेतीनला आणली, म्हणजे खानापूरची बस सापडते आणि शौचालयही उघडं असतं. डबे सोबत आणायचे, उघडायचे. कन्नड मैत्रीण विचारतेय, 'अंगावर काढणे' म्हणजे अंगावर चित्र काढणे का. तिला समजावताना चहा गार झाला.

एकच शंका उरली: 'नको' की 'नका'?

शहापूरहून

'नको'. 'नका' लिहिलं की आरोग्य खात्याची पाटी होते.