विषय: शीख वारसा महिना, रविवारचं पद: "बीठल" की "विठ्ठल"? (तातडीचं)

मंडळी,
शनिवारच्या सरावात पुन्हा तेच. पहिल्याच ओळीला अर्धे "बीठल", अर्धे "विठ्ठल". पडद्यावरचे शब्द गुरुद्वाऱ्यात गुरुवारी रात्रीपर्यंत पोचायला हवेत. नामदेवांचं हे पद शिखांच्या ग्रंथसाहिबात आहे, आणि तिथे "बीठल" आहे, तसंच गाऊ या असं माझं मत. हरकत असेल तर आजच कळवा.
डोक्याला बांधायला रुमाल घरून आणा. मागच्या वेळी तिघांना दारातल्या पेटीतले घ्यावे लागले.
मेधा

---

मेधा,
माझी हरकत आहे. आमच्या घरात तीन पिढ्या वारी आहे. नामदेवांच्या तोंडी विठ्ठलच असणार. पंजाबात गेल्यावर तिथल्या लोकांनी त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहून घेतलं, एवढंच. दहा मिनिटं आपल्याला मिळाली आहेत ती मराठी मंडळ म्हणून, मग आपला देव आपल्या उच्चारात का नको? आणि पडद्यावर "भगत नामदेव" काय म्हणून? "संत" लिहा.
अरविंद

---

अरविंदकाका,
मी नांदेडची, सचखंड गुरुद्वाऱ्यापासून दहा मिनिटांवर वाढले, म्हणून राहवत नाही.
शिखांचे सातवे गुरू हरराय यांचा थोरला मुलगा रामराय औरंगजेबाच्या दरबारात गेला होता. गुरू नानकांच्या "आसा दी वार" या रचनेतल्या "मिटी मुसलमान की" या ओळीवर बादशहाने विचारलं, तेव्हा त्याची मर्जी राखायला रामरायने "मुसलमान"च्या जागी "बेईमान" म्हटलं. एकच शब्द. वडिलांनी त्याचं तोंड पाहिलं नाही, गादी धाकट्या हरकृष्णांकडे गेली, तेही जेमतेम पाच वर्षांचे असताना. काका, बाणीतलं, म्हणजे ग्रंथातल्या रचनांमधलं, अक्षर बदलायचं नाही हे तिथे इतकं खोल आहे. आपण प्रेमाने "विठ्ठल" म्हणू, पण समोर बसलेल्या आजीच्या कानाला ती चूक लागेल.
नामदेवांची 61 पदं शिखांनी ग्रंथात जपली, रोज त्यांच्यापुढे माथा टेकतात. "भगत" हा त्यांचा मानाचाच शब्द आहे. कबीर, रविदास, बार्शीचे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते त्रिलोचन, सगळे तिथे भगतच.
वैशाली

---

वैशालीताईंशी सहमत. 2015 मध्ये पंजाबात, नामदेवांच्या घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा माझे वडील गेले होते. तिथे संतही नाही आणि भगतही नाही, गावकरी सरळ "बाबा नामदेव" म्हणायचे. वडील परत आले ते तोच शब्द घेऊन.

एक वेगळा मुद्दा. ओन्टारियोने 2013 मध्ये एप्रिल हा शीख वारसा महिना कायद्याने मान्य केला, 2019 मध्ये सगळ्या कॅनडाने. पण वैशाखीची सुट्टी अजून नाही. माझ्या वॉर्डातला सरदार सहकारी दर वर्षी त्या दिवसासाठी पाळी बदलून मागतो, आणि बदल्यात नाताळच्या आठवड्यात रात्रपाळ्या करतो. खालसा स्थापन झाला तो, 1699 चा दिवस. त्यासाठी माणसाला विनवण्या कराव्या लागतात याचं मला वाईट वाटतं. मंडळाने सुट्टीच्या मागणीला पाठिंब्याचं पत्र द्यावं.

14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंतीही असते. ब्रिटिश कोलंबियाने 2021 मध्ये तो दिवस समता दिन म्हणून जाहीर केला. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र तो नाही.
सुहास

---

सुहास,
पत्र कार्यकारिणीच्या सहीनेच जाईल, इथे परस्पर ठरवू नका. मे महिन्याच्या बैठकीत विषय घेते. जयंतीबद्दल तुझं बरोबर आहे, ते राहून गेलं ही आमची चूक. त्याची जबाबदारी घेतोस का?
बाकी सगळे: कृपया फक्त पदाबद्दल लिहा.
शुभांगी (सचिव)

---

सुट्टीचं मला पटतं. गणेश चतुर्थीला आपणही हेच करतो की.
मानसी

---

वैशाली,
रामरायची गोष्ट मला माहीत नव्हती. काल कामावरून येताना गाडीत म्हणून पाहिलं. पहिल्यांदा जीभ अडली, चौथ्या-पाचव्या वेळी "बीठल" म्हणताना डोळ्यांपुढे पंढरपूरच उभं राहिलं. मी "बीठल" म्हणेन, पडद्यावर "भगत" राहू दे.
एकच मागणं. पदाआधी दोन वाक्यं मराठीत मी बोलतो, त्यात "आमचे संत नामदेव" म्हणू दे. तिथल्या ग्रंथींना (ग्रंथसाहिबाचं पठण करणाऱ्यांना) आधी विचारून घे, चालणार नसेल तर नको.
अरविंद

---

काका, आत्ताच फोन केला. ग्रंथीजी म्हणाले, दोन काय, चार वाक्यं बोला, फक्त पदाच्या आधी, मध्ये नको. शब्द पाठवले.
सराव शुक्रवारी सात वाजता, वैशालीकडे. तबला कोण आणतंय?
मेधा