६१ इंच म्हणजे किती हँड?

ताई: कोणी जागं आहे का? लेकीसाठी जो घोडा बघतोय त्याची उंची मालकाने ६१ इंच सांगितलीय. फॉर्मवर हँडमध्ये मागतायत.

काका: १ हँड म्हणजे ४ इंच. ६१ भागिले ४, १५.२५. लिहून टाक.

दादा: ताई थांब! १५.१ लिही.

काका: का रे बाबा? भागाकार चुकला का माझा?

दादा: भागाकार बरोबर आहे काका, पण ते टिंब दशांशाचं नाही. टिंबाआधी पूर्ण हँड, टिंबानंतर उरलेले इंच. चार पंधरे साठ, बाकी १.

आत्या: म्हणजे आपण माणसाची उंची ५.६ लिहितो तसं, ५ फूट ६ इंच.

दादा: हो आत्या, तस्संच.

वहिनी: मग १५.४?

दादा: नसतंच. ४ इंच भरले की १६ हँड. टिंबानंतर ०, १, २ किंवा ३, बस्स.

काका: म्हणजे ६२ इंचांचा भागाकार १५.५ आणि लिहायचं १५.२! कोणी काढलं हे?

दादा: पंजाच्या रुंदीने मोजणं जुनंच. ४ इंच पक्के केले इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने, १५४० च्या कायद्यात.

काका: त्याला दुसरे उद्योग बरेच होते, हाही एक 😄

आत्या: डोक्यापर्यंत मोजतात का गं?

ताई: नाही आत्या, डोकं तो सारखं वर-खाली करतो. मान संपून पाठ सुरू होते तिथे खांद्यांवर उंचवटा असतो, तिथपर्यंत. सपाट जमिनीवर उभा करून.

वहिनी: मग हा घोडा की तट्टू?

दादा: घोडाच. १४.२ पर्यंत पोनी धरायची रीत आहे, म्हणजे ५८ इंच. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हद्द सेंटिमीटरमध्ये असते: नाल नसताना १४८, नालांसह १४९. आपला १५५ च्या आसपास. पण कोणी १४.२ दशांश समजून ४ ने गुणलं तर ५६.८ येतात. सव्वा इंचाच्या आसपास फरक! पोनीच्या वर्गात तेवढ्यावरून घोडा बाद होतो.

काका: म्हणजे उलट करताना टिंबाआधीच्या आकड्याला ४ ने गुणायचं, मग पुढचे इंच मिळवायचे. दे एखादं.

दादा: घ्या. सॅम्पसन नावाचा शायर जातीचा घोडा, १८५० मध्ये मोजलेला. २१ हँड अडीच इंच.

काका: ८४ अधिक अडीच, साडेशहाऐंशी. ७ फूट अडीच इंच!! खांद्यापर्यंत??

आत्या: शिडी लागेल 😳

ताई: आमचा ५ फूट १ इंच. तरी मालकाला विचारते, मोजताना नाल होते की नाही. मग भरते १५.१.