साठीनंतर दिवसाला चव कशानं येते? नागपूरकरांनो, लिहा

बाबा निवृत्त झाले तेव्हापासून जो तो त्यांना सांगतो, "आता आराम करा." त्या आरामानंच ते खचत चाललेत. पेन्शन आहे, औषधपाणी आहे. सकाळी उठावंसं कशामुळे वाटतं, ते मला विचारायचंय. उपदेश नको, स्वतःचं लिहा.

महाल, निवृत्त शिक्षिका
शेजारची दोन मुलं अपूर्णांक घेऊन आली. पोळी समोर ठेवली, अर्धी केली, त्यातली पुन्हा अर्धी. पाव नि पाव मिळून अर्धी होते, हे त्यांनी स्वतः तुकडे जुळवून पाहिलं. फी घेत नाही, पण वेळ पाळायची. पाचला फाटक वाजतं. आपली कोणी वाट पाहतं, हे मला फार हवं होतं.

अजनी, रेल्वेतून निवृत्त
आमचा फुटाळा तलावावर फिरायचा ग्रुप. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकते, तेव्हा साडेपाचलाच निघतो. फिरणं अर्धा तास, तर्री-पोह्यावर गप्पा त्याहून जास्त. एखादा दोन दिवस दिसला नाही, की तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी. फोन करत नाही, जातोच.

इंदोरा
१४ ऑक्टोबर १९५६ ला मी आईच्या कडेवर होती म्हणतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावचे लोक दीक्षाभूमीवर येतात, त्यांच्या जेवणाच्या मंडपात मी दरवर्षी. आता उभं राहून वाढणं होत नाही, म्हणून बसून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून देते. पोरी म्हणतात, आजी घरीच राहा. कशी राहू?

धरमपेठ
मला काम शोधावं लागलं नाही. बायकोला विस्मरणाचा आजार आहे. माझं नाव तिला आठवत नाही, पण वेणी घालायला बसलो की मान आपोआप मागं टाकते. तिचं करण्यात मला समाधान आहे, थकवाही तेवढाच आहे. आठवड्यातून दोन तास एक शेजारीण तिच्याजवळ बसते, तेव्हा मी वाचनालयात जातो. ते दोन तास नसते, तर मी केव्हाच आडवा झालो असतो. ओळखीत असं कोणी घरात अडकलेलं असेल, तर "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. वार आणि वेळ सांगून जा.

मानेवाडा
आईबद्दल लिहितो. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी फुकट झाली, तशी ती एकटीच काटोलला माहेरी जाऊ लागली. जीव टांगणीला लागतो, तरी अडवत नाही. येताना पिशवीभर संत्री आणि गावच्या बातम्या. पासष्ट ते पंचाहत्तर असाल तर अर्धं तिकीट. आधार कार्ड सोबत ठेवा, आणि फुकट असलं तरी कंडक्टरकडून शून्याचं तिकीट घ्याच.