मदत हवी आहे : फायनाइट एलिमेंट कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी, जळगावला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फायनाइट एलिमेंट, म्हणजे बांधकामाचे छोटे तुकडे मानून ताण आणि वाकणं काढायची पद्धत, शिकायची आहे. स्प्रिंग आणि ट्रसची स्टिफनेस मॅट्रिक्स (ताठपणाच्या आकड्यांचं कोष्टक) हाताने मांडता येते. शेप फंक्शन (कोपऱ्यांच्या सरकण्यावरून तुकड्याच्या आतलं सरकणं सांगणारं सूत्र) आलं की गाडी अडते.

तीन नोडच्या (कोपऱ्यांवरच्या बिंदूंच्या) त्रिकोणांनी कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला पक्का धरलेला बीम) केला तर टोकाचं डिफ्लेक्शन (वाकणं) पुस्तकातल्या पीएल³/३ईआय या सूत्रापेक्षा बरंच कमी येतं. त्रिकोणात स्ट्रेन (लांबी-आकार बदलण्याचं प्रमाण) सगळीकडे सारखाच धरतात, म्हणून बीम उगाच ताठ होतो, इथवर कळलं. पण ग्रॅव्हिटी धरणाच्या (स्वतःच्या वजनावर उभ्या धरणाच्या) टाचेपाशी, म्हणजे पाण्याकडच्या तळाच्या कोपऱ्यात, मेश (तुकड्यांची जाळी) जितकी बारीक करावी तितका स्ट्रेस (ताण) वाढतच जातो, थांबतच नाही! मग डिझाइनला कोणता आकडा धरायचा?

रंगीत नकाशे दाखवणारे सॉफ्टवेअरचे व्हिडिओ नकोत, ते पोतंभर आहेत. भुसावळ-धुळ्याकडे कुणी शिकवणारं असेल तर रविवारी येईन. अहिराणीत समजावलं तर सोन्याहून पिवळं.